लेझर करायचं की लेन्सवर राहायचं? किनाऱ्यावरच्या माणसाची तयारी

चष्मा उतरवायचं ठरलं की आपल्याकडे आधी खर्चाचा विषय निघतो. मला वाटतं, आधी पाण्याचा निघायला हवा. विहिरीवर आंघोळ, खाडीत पोहणं, रापण ओढताना तोंडावर उडणारं पाणी, पावसात दुचाकीवर बसणारी झड, हे तुमचं रोजचं असेल तर लेन्स जपणं कठीण आहे. लेझरचा विचार जरूर करा, पण घाईने नको.

घरातल्या खणातून चष्म्याच्या जुन्या चिठ्ठ्या शोधून काढा. वय 18 च्या पुढे आणि नंबर किमान वर्षभर स्थिर, एवढं तर हवंच. लेन्स वापरत असाल तर तपासणीआधी बंद करा: मऊ असतील तर एक-दोन आठवडे, कडक असतील तर तीन-चार. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार थोडा बदलतो आणि मोजमाप चुकतं. या मोजमापावरच सगळं ठरतं. कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. त्याची जाडी साधारण 540 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). लेसिक या लेझरच्या पद्धतीत वरची पातळ चकती उचलून आतला थर लेझरने घडवतात. चकतीखाली निदान 250 मायक्रॉन, शक्यतो 300, उरायला हवेत. तुमच्या डोळ्यात किती उरतील, हा आकडा डॉक्टरांना स्पष्ट विचारा. डोळे चोळायची सवय, खाज, कोरडेपणा, मुरुमांच्या गोळ्या, मधुमेह, गरोदरपण, काहीही लपवू नका. कॉर्निया शंकूसारखा पुढे येत असेल तर लेझर नाहीच. तिथे डॉक्टर नको म्हणाले तर होकार मिळेपर्यंत दवाखाने बदलत फिरू नये, ही माझी कळकळीची विनंती.

नौदल, कोस्टगार्ड किंवा मर्चंट नेव्हीची स्वप्नं असलेल्या पोरांनी त्या वर्षीची जाहिरात आधी वाचावी. लेझरबद्दलचे नियम शाखेगणिक वेगळे असतात. चाळिशी जवळ आली असेल तर वाचायचा चष्मा तरीही लागणार, हे मनाशी धरा.

तारीख विचारपूर्वक घ्या. बोटीवर जाणाऱ्यांना 1 जून ते 31 जुलैची मासेमारी बंदी सोयीची, कारण नंतर काही आठवडे पोहणं आणि डोळ्यांत पाणी जाणं बंद. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर गाठणार असाल तर सोबत माणूस न्या आणि मुक्काम करा. दुसऱ्या दिवशीची तपासणी चुकवायची नसते.

लेन्सच ठरली, तर चष्माही अद्ययावत नंबरचा ठेवा. पाण्यात उतरायचं त्या दिवशी चष्माच. विहिरीच्या काय, नळाच्या पाण्यातही अकँथामिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सखाली अडकला तर कॉर्नियाला जखम होते, महिनोन्महिने औषध चालतं, नजरही जाऊ शकते. म्हणून डबी पाण्याने धुवू नका, सोल्यूशनने खंगाळून, पुसून, उघडी पालथी वाळवा. जुन्यात नवं सोल्यूशन मिसळू नका, तीन महिन्यांनी डबी बदला, लेन्स घालून झोपू नका. मासळी साफ केल्यावर हात साबणाने धुऊन कोरडे केल्याशिवाय डोळ्याला बोट लावू नका. लग्नकार्यापुरती लेन्स हवी असेल तर रोज टाकून द्यायची घ्या. आणि डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेना, तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. काढलेली लेन्स आणि डबी फेकू नका, तपासायला बरोबर न्या.