मेंदूतील साध्या गाठीच्या रुग्णाचा जीव कशाने धोक्यात येतो आणि घरच्यांनी काय करावे

गाठ कर्करोगाची नसली, तरी कवटीत जागा मर्यादित असल्याने मेनिंजिओमासारखी (मेंदूच्या आवरणात होणारी) संथ वाढणारी गाठसुद्धा मेंदूवर दाब आणून जीवघेणी ठरू शकते. म्हणून वाढती डोकेदुखी, उलट्या आणि गुंगी एकत्र दिसल्यास रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. फिट आल्यास रुग्णाला कुशीवर वळवावे, दातखीळ बसली तरी तोंडात चमचा घालू नये आणि घड्याळ पाहावे. 5 मिनिटांत झटके न थांबल्यास रुग्णवाहिका बोलवावी. शस्त्रक्रियेनंतर एका पायाची पोटरी सुजली किंवा अचानक धाप लागली, तर रक्ताच्या गुठळीची शंका घ्यावी. सर्वाधिक कळकळीने सांगावेसे वाटते ते मेंदूची सूज कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडबद्दल: बरे वाटते म्हणून गोळी एकाएकी बंद केल्यास रक्तदाब कोसळून मृत्यूही ओढवू शकतो, तेव्हा मात्रा डॉक्टरांच्या सांगण्यानुसारच हळूहळू कमी करावी.