मुलाच्या ईईजीला निघताना (आणि गाडीत झोपू देऊ नका)

फिट येणाऱ्या लेकराला घेऊन शहरातल्या मेंदूच्या बालतज्ज्ञांकडे निघणार असाल तर सगळ्यात आधी हे: गाडीत झोपू देऊ नका. घाईत असाल आणि एवढंच वाचून उठणार असाल तरी चालेल. ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या तपासणीच्या, दिवशी सकाळी गाडीत, रिक्षात, बापाच्या खांद्यावर, ओपीडीच्या बाकावर, कुठेही पोराचा डोळा लागू द्यायचा नाही.

आम्ही काय केलं ते सांगते. सोलापूरहून रात्रीच्या सिद्धेश्वरने निघालो. लेक तेव्हा सव्वाचार वर्षांची. कुर्डुवाडी यायच्या आत झोपली ती कल्याणला हलवून उठवावी लागली. समोरच्या बर्थवरचे काका म्हणाले, "गुणी पोर आहे हो, हूं की चूं नाही." आम्हालाही बरं वाटलं, रात्र निभावली म्हणून. अकरा वाजता ईईजीच्या खोलीत गेलो. तिथल्या ताईंनी विचारलं, "मम्मी, रात्री किती वाजता झोपवलंत?" मी कौतुकाने म्हणाले, "अकराला झोपली ती थेट सहालाच उठली, एकदाही रडली नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहिलेलं होतं: रात्री उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा, येताना झोपू देऊ नका. आम्ही पुढची बाजू दहा वेळा वाचली होती, तारीख आणि खोली नंबर पाठ होता. मागे उलटून बघितलं नव्हतं. मग झोपेचं औषध पाजलं, तिने अर्धं ओकलं. पडदे ओढून दीड तास मी अंगाई म्हणतेय आणि ही बाई डोळे टक्क उघडे ठेवून छताचा पंखा बघतेय. बाहेर पुढची मुलं रडत होती. शेवटी पुढची तारीख मिळाली, पंचवीस दिवसांनी. तिकिटं, ह्यांची रजा, लॉजचे पैसे, सगळं पाण्यात. कुणाचीच चूक नव्हती, आमची सोडून.

झोपेचा एवढा बाऊ कशाला, तर ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद, आणि बऱ्याच मुलांच्या बिघडलेल्या लहरी गुंगीत किंवा झोपेतच दिसतात. जाग्या मुलाचा कागद अनेकदा साफ येतो आणि डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. जागरण झालेलं मूल तिथे पटकन झोपतं हा एक फायदा, आणि जागरणामुळे त्या लहरी दिसायची शक्यताही वाढते, हा दुसरा. किती तास जागवायचं ते वयावर आहे. तुमच्या चिठ्ठीवर असेल तेवढंच, मनाने वाढवू नका. तान्ह्या बाळाला जागवत नाहीत, त्याच्या दुधाची आणि झोपेची वेळ तपासणीशी जुळवतात. हे फोन करून विचारा. आणि एक धोका: जागरणाने फिट येऊ शकते, म्हणून त्या रात्री एक मोठं माणूस जागं पाहिजे आणि तातडीचं औषध उशाशी. रोजचं फिटचं औषध मात्र नेहमीच्या वेळी द्यायचंच. "तपासणी आहे म्हणून आज नको" असं आपल्या मनाने कुणी ठरवायचं नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं तरच थांबवायचं.

दुसरं, तेल. सासूबाईंनी प्रवासाला निघताना लेकीच्या डोक्यावर वाटीभर खोबरेल थापलं होतं, प्रेमाने. डोक्याला वीसेक तारा पेस्टने चिकटवतात, तेलावर त्या धरत नाहीत. आदल्या रात्री शाम्पू, नंतर तेल नाही, वेण्या नाहीत, पिना नाहीत. कपडे पुढून बटणांचे घाला, डोक्यावरून काढायचा फ्रॉक नको.

व्हिडिओ. डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा तीस सेकंदांचा व्हिडिओ जास्त सांगतो. डोळे उघडे होते की मिटलेले, मान कुठल्या बाजूला वळली, आधी एक हात उडाला की दोन्ही, हे आपल्याला त्या क्षणी दिसत नाही, भीतीच एवढी असते. एकाने मुलाला कुशीवर करायचं, दुसऱ्याने दिवा लावून, पांघरूण बाजूला करून, चेहरा आणि अख्खं अंग येईल असं चित्रण करायचं. फिट थांबल्यावरही दोन मिनिटं चालू ठेवा, नंतरची सुस्ती त्यांना बघायची असते. नातेवाईक म्हणतील, लेकरू तडफडतंय आणि ही शूटिंग करतेय. म्हणू देत. व्हिडिओ दोन फोनवर ठेवा, आणि तारीख लिहून ठेवा.

त्याच्याच जोडीला एक वही. कधी आली, जागेपणी की झोपेत, ताप होता का, किती वेळ, नंतर किती वेळाने ओळखू लागली. वेळ घड्याळ बघून. आम्ही दोघंही "दहा-पंधरा मिनिटं" सांगत होतो, व्हिडिओत ती सव्वादोन मिनिटांची निघाली. हा फरक साधा नाही. सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापात येणाऱ्या फिटमध्ये पंधरा मिनिटांच्या आत थांबली की नाही, चोवीस तासांत पुन्हा आली की नाही, यावर डॉक्टरांचं सगळं गणित असतं. तुम्ही अंदाजाने पंधरा म्हणालात तर ते बिचारे पंधराच धरून चालणार.

कागद: केसपेपर, आधीचे रिपोर्ट, लसीकरणाचं कार्ड, आधार, रेशन कार्ड. हे कुणाला सांगायला नको. फक्त एमआरआय झाला असेल तर नुसता रिपोर्ट नको, फिल्म आणि सीडीही घ्या. जुना ईईजी असेल तर त्याचा आलेखही.

जन्माचं डिस्चार्ज कार्ड मात्र लोक विसरतात, कारण मूल आता चालतं-बोलतं, तेव्हाचं कशाला? पण पहिला प्रश्न तोच येतो. जन्मल्याबरोबर रडलं का, वजन किती, काचेच्या पेटीत किती दिवस, साखर कमी झाली होती का. मग मान कधी धरली, बसलं कधी, चाललं कधी, पहिला शब्द कधी. समोर डॉक्टर बसले की आईचं डोकं कोरं होतं, स्वतःवरून सांगते. फोनमधले जुने फोटो काढा. पहिल्यांदा उभी राहिलेल्या फोटोखाली तारीख असते. आदल्या संध्याकाळी बसून चार तारखा कागदावर उतरवा. झोपवायचं नाहीच आहे उशिरापर्यंत, तर फोटो बघत बसा दोघी.

औषधाची बाटली सोबत न्या, बूच, मापाची सिरिंज आणि खोक्यासकट. "गुलाबी सिरप, अडीच एमएल" याला काही अर्थ नाही. एका एमएलमध्ये किती मिलिग्रॅम हे कंपनीगणिक आणि औषधागणिक बदलतं. डोस मिलिग्रॅममध्ये आणि मुलाच्या वजनावर ठरतो. त्यामुळे वजन ताजं करून जा, मागच्या दिवाळीचं नको. औषध परत येईपर्यंत पुरून आठ दिवस उरेल एवढं आधीच घ्या. गावाकडचा ब्रँड शहरात मिळेलच असं नाही, आणि दोन डोस चुकले म्हणून फिट आलेली मुलं त्याच बाकावर बसलेली असतात.

सोबत कोणी जायचं? ज्याने फिट बघितली तो. घरातला इंग्रजी चांगलं असलेला भाऊजी नाही. शाळेत आली असेल तर बाईंना दोन ओळी लिहून मागा. घराण्यात कुणाला फिट येत होती का, हे घरून निघण्याआधी विचारून घ्या, आणि खरं विचारा. आमच्याकडे डॉक्टरांसमोर "कुणालाच नाही" असं ठासून सांगितलं गेलं आणि बाहेर व्हरांड्यात हळूच कळलं की चुलत आत्याला लग्नापर्यंत यायची. लग्न जमायचं नाही म्हणून तेव्हा लपवलं असेल, पण आता ती पन्नाशीची आहे! पुन्हा आत जाऊन सांगितलं. कुणी काढा, पुडी, ताईत दिला असेल तर तेही सांगा, पुडी असेल तर घेऊनच जा. पुडीत काय आहे हे देणाराही सांगत नाही, आणि चालू औषधाशी ती जुळते की नाही हे डॉक्टरांना कळायला हवं.

पैशांचं थोडक्यात. सोलापूरकडची माणसं ऐकीव नावांवर उठून ससूनला नाहीतर परळच्या वाडियाला निघतात. वाडिया मुलांसाठी १९२९ पासून आहे, नाव आजीच्याही तोंडी असतं. पण आधी जिल्ह्यात विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतात तेच पथक. ते जिल्ह्याच्या डीईआयसीला, म्हणजे मुलांच्या तपासणी-उपचाराच्या सरकारी केंद्राला, पाठवतात आणि पुढची चिठ्ठीही देतात. सरकारची महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, बाहेरून केलेला ईईजी त्यात बसेल हे धरून चालू नका. रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा, तो त्यासाठीच बसलेला असतो.

आता पुन्हा झोप. कंटाळलात? मी पंचवीस दिवस थांबले आहे. दुसऱ्या खेपेला आम्ही आदल्या दिवशी दिवसाच्या गाडीने गेलो, डोंबिवलीला चुलत नणंदेकडे उतरलो. हे बरोबर केलं. रात्री बारापर्यंत पत्ते, सापशिडी, नणंदेच्या पोरांबरोबर धिंगाणा. पहाटे चारला उठवलं, थंड पाण्याने तोंड धुतलं. लोकलमध्ये गर्दीनेच जागं ठेवलं. आणि दादरहून टॅक्सी केली, ती चूक होता होता राहिली. वारा लागला, तिची मान कलली. हे पुढच्या सीटवर, माझं लक्ष फाइलीत. बघितलं तर पापण्या मिटलेल्या. लाल बस मोज, पिवळी टॅक्सी मोज, गाल ओढले, पाणी मारलं, ती रडली, टॅक्सीवाला माझ्याकडे सावत्र आईसारखा बघायला लागला. पाच मिनिटांची डुलकीसुद्धा नको, ती ताजी झाली की पुढचे दोन तास गेले. म्हणून फाइल एकाकडे आणि पोर एकाकडे, ज्याच्याकडे पोर त्याने दुसरं काही बघायचं नाही. चहा, कोल्ड्रिंक, चॉकलेट देऊन जागवू नका, मग तिथे झोप येत नाही. बाकावर नंबराची वाट बघताना तर डोळ्यात तेल घालून बसा, कारण पोरं तिथेच कलंडतात. आणि चिठ्ठी उलटून वाचा. मागची बाजू.

खाण्याचं: ईईजीला बहुतेक वेळा उपाशी नेत नाहीत, पण झोपेचं औषध देणार असतील तर विचारा. भूल देऊन एमआरआय असेल तर वेगळं, तिथे साधारणपणे जेवण सहा तास, आईचं दूध चार तास आणि साधं पाणी दोन तास आधी बंद. बिस्किटाचा एक तुकडा दिला तरी तारीख जाते. आजी खिशात बिस्किट ठेवतात, खिसे तपासा.

खोलीत गेल्यावर: तारांचा शॉक बसत नाही, हे घरीच सांगून ठेवा, टोपी-टोपी खेळून. जरा मोठ्या मुलांना तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, भिरभिरं फुंकायची सवय केलेली बरी. डोळ्यांवर लाइट चमकवतात. आवडती चादर न्या. फोन बंद.

डॉक्टरांना विचारायचं लिहून न्या, आत सुचत नाही. पाच मिनिटांच्या वर गेली तर काय द्यायचं, नाकातला स्प्रे लिहून देणार का, किती फवारे, हे त्यांच्याच हाताने लिहून घ्या आणि एक प्रत शाळेत. तोपर्यंत कुशीवर करा, तोंडात चमचा-बोट नाही, कांदा नाही, चप्पल नाही. औषध किती वर्षं, एक डोस चुकला तर काय, ओकली तर पुन्हा द्यायचा का. ईईजी चांगला आला म्हणजे आजार नाही असं नसतं, हेही तेच सांगतील, ऐकून घ्या.

निघताना रिपोर्ट कोणत्या खिडकीवर, कधी, ते विचारा. डोक्यातली पेस्ट कोमट पाण्याने निघते, टॉवेल न्या. झोपेचं औषध दिलं असेल तर पूर्ण जाग येईपर्यंत खायला-प्यायला देऊ नका, मांडीवर मान सरळ राहू द्या. पुढची तारीख चिठ्ठीवर घ्या, आणि तिथेच उभ्या उभ्या ती उलटून बघा.