लूप रेकॉर्ड करताना अरेंजर कीबोर्डचा प्रत्येक सूर दोनदा वाजतो? माझा अनुभव

कीबोर्ड यूएसबीने लॅपटॉपला जोडून रेकॉर्ड दाबलं की प्रत्येक सूर जोडीने, पोकळ वाजायचा. मोठी कॉर्ड धरली की आधीचे सूर तुटायचे. केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकला, फॅक्टरी रीसेटही केला. डोकं फिरलं.

कारण असं: पट्टी दाबताच कीबोर्ड स्वतः वाजतो आणि लॅपटॉपवरचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर तोच मिडी संदेश (कोणती पट्टी कधी, किती जोरात दाबली याची माहिती) त्याला परत पाठवतं.

आधी ट्रॅकचं मिडी इनपुट आणि आउटपुट, दोन्ही कीबोर्डवर ठेवा. मग त्या ट्रॅकचं इनपुट मॉनिटरिंग, म्हणजे आलेला संदेश लगेच परत पाठवणं (कुठे ‘मिडी थ्रू’), बंद करा. कीबोर्डच्या मिडी मेनूत लोकल कंट्रोल (पट्टी दाबताच कीबोर्डने स्वतः वाजणं) ऑन ठेवा. शेवटी चार बारचा लूप आखून, ओव्हरडब (आधीचं न पुसता त्यावर नवं रेकॉर्ड होणं) लावून रेकॉर्ड करा.

लोकल ऑफ करूनही जमतं, पण तेव्हा मॉनिटरिंग चालू ठेवावं लागतं. आणि लोकल ऑफ असताना लॅपटॉप काढला की कीबोर्ड मुका.