सॉफ्टवेअर घेण्याआधी हॉस्पिटलात काय काय तयार हवं

पहिल्यांदा सर्व्हरची जागा ठरवा. कोल्हापुरात शाहूपुरी-लक्ष्मीपुरीकडे हॉस्पिटल असेल तर तळमजला नकोच. राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट म्हणजे धोक्याची पातळी, आणि 2019 व 2021 मध्ये पंचगंगा कुठवर आली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. रोजचा बॅकअप दुसऱ्या शहरात जाऊ द्या. सिस्टीम बंद पडली तर लिहायला छापील केसपेपर प्रत्येक वॉर्डात हवेत, आणि ते नंतर कोण चढवणार हेही आधीच ठरलेलं हवं.

मग केसपेपरची खिडकी. खरी कसोटी इथेच आहे. राधानगरी, गारगोटीकडून एकाच सकाळी तीन-चार पाटील येतात, नावंही सारखीच. लग्नाआधी माहेरच्या नावाने दाखवून गेलेली मुलगी बाळंतपणाला सासरच्या नावाने येते आणि तिची जुनी नोंद सापडतच नाही. म्हणून जन्मसाल, मोबाइल आणि बायकांचं माहेरचं नाव विचारा; आधी शोधा, मगच नवीन नोंद काढा. 14 अंकी आभा क्रमांक (सरकारी आरोग्य खात्याचा क्रमांक) असेल तर जोडा. तो ऐच्छिक आहे, त्यावाचून कुणाला अडवू नका. औषधाच्या ॲलर्जीचा रकाना रिकामा सोडता येऊ नये. ‘ॲलर्जी नाही’ आणि ‘विचारलं नाही’ हे दोन वेगळे पर्याय ठेवा. यात जिवाचा प्रश्न आहे.

स्कोअरकार्ड, म्हणजे हॉस्पिटलचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकड्यांचा तक्ता, त्यानंतर. कॅप्लान आणि नॉर्टन यांनी 1992 मध्ये मांडलेल्या ‘बॅलन्स्ड स्कोअरकार्ड’ पद्धतीत पैशासोबत ग्राहक, अंतर्गत कामकाज आणि शिकणं याही बाजू मोजतात. सुरुवातीला मोजकेच आकडे घ्या, पण प्रत्येकाची व्याख्या लिहून काढा. डिस्चार्जला लागलेला वेळ कधीपासून मोजायचा? डॉक्टरांनी ‘घरी सोडा’ म्हटल्यापासून पेशंट बेडवरून उठेपर्यंत. महात्मा फुले जन आरोग्य या सरकारी योजनेचे पेशंट वेगळे मोजा, त्यांचे कागद वेगळ्या वाटेने जातात. कॅथेटरमुळे (शरीरात घातलेल्या नळीमुळे) झालेला संसर्ग दर हजार कॅथेटर-दिवसांमागे काढा (एका पेशंटला एक दिवस नळी म्हणजे एक कॅथेटर-दिवस), नाहीतर नळ्या जास्त असलेलं आयसीयू विनाकारण बदनाम होतं.

हे आकडे सिस्टरांच्या पगाराला कृपा करून जोडू नका. पेशंट बेडवरून पडल्याची नोंद केल्यावर बोलणी बसली, तर पुढच्या महिन्यात पडणं तसंच राहील आणि नोंद तेवढी थांबेल. सुरुवातीला असे आकडे वाढले तर मेट्रनचं अभिनंदन करा.

प्रत्येकाचा पासवर्ड स्वतंत्र हवा. नोकरी सोडणाऱ्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद. सुरुवात एकाच वॉर्डापासून करा, आणि तीही पावसाळा सोडून.