‘हळू’ वाजव म्हणजे नक्की काय? स्कोअरमधले (छापील स्वरलिपीतले) इटालियन शब्द वाचताना या चुका टाळा

सांगलीत मुलांना कीबोर्ड शिकवताना एक चूक मला रोज भेटते आणि तिचं मूळ आपल्या मराठीतच आहे. पियानो, म्हणजे स्वराखाली छापलेला तिरका p, दिसला की आपण मुलाला सांगतो, “हळू वाजव.” मूल आवाज कमी करतं आणि लयही पाडतं. फोर्टेला “जोरात” म्हटलं की पळत सुटतं. आपल्याकडे बोलणंही हळू असतं, चालणंही हळू; गाडी जोरात जाते, लाउडस्पीकरही जोरात वाजतो. स्कोअरमध्ये मात्र पियानो-फोर्टे हे फक्त आवाजाचे शब्द आहेत, लयीशी त्यांचा संबंध नाही. म्हणून मी “लहान आवाज, मोठा आवाज” म्हणते आणि लयीसाठी आपले विलंबित, मध्य, द्रुत हेच शब्द वापरते.

क्रेशेंडोचंही तसंच. परवा एका मुलीने cresc. दिसताच पहिल्याच स्वरावर दणका दिला. क्रेशेंडो म्हणजे वाढत जाणं. सुरुवात लहान ठेवली तरच वाढायला जागा उरते. चार बारचा (उभ्या रेघांमधल्या चार घरांचा) क्रेशेंडो असेल तर पेन्सिलने प्रत्येक बारवर १, २, ३, ४ लिहा आणि एकवर खरोखर एकच द्या. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) लावा, कारण आवाज वाढताना लयही हमखास चढते.

आंदान्ते ‘चालणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आलाय. संध्याकाळी आयर्विन पुलावरून निवांत चालावं तशी लय. रेंगाळायचं नाही.

रितार्दांदोला लय हळूहळू उतरते, रितेनुतोला एकदम रोखायची असते. दोन्ही rit. असंच छापलेलं सापडतं, तेव्हा आजूबाजूची जागा बघून ठरवा. पुढे ‘आ टेंपो’ आला की लगेच मूळ लयीवर या. बरेच जण त्या शब्दाकडे बघतच नाहीत आणि उरलेला तुकडा झोपेत वाजवतात.

D.C. al Fine: दा कापो म्हणजे ‘डोक्यापासून’. अंतरा संपवून मुखड्यावर यावं तसं सुरुवातीला जा आणि ‘फीने’पाशी थांबा. त्या शब्दाचा उच्चार ‘फाइन’ नाही, अर्थ ‘शेवट’. या दुसऱ्या फेरीत रिपीटच्या खुणा सहसा पाळत नाहीत. परीक्षेला बसण्याआधी हे शिक्षकांशी बोलून घ्या. D.S. (दाल सेन्यो, म्हणजे ‘खुणेपासून’) असेल तर सुरुवातीला न जाता छापलेल्या 𝄋 या खुणेपासून उचलायचं, आणि ती खूण ऐन वेळी सापडत नाही. तिच्याभोवती आधीच लाल पेन्सिलने गोल करून ठेवा.