सोनकी पिवळी, कारवी जांभळी : निसर्गाचे फोटो एडिट करायला शिकताना

भिगवणला मी पहिल्यांदा गेलो ते डिसेंबरातल्या एका पहाटे. उजनी धरणाच्या पाण्यात रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, मोठा थवा उभा होता आणि वर पातळ धुकं होतं. रात्री घरी येऊन फोटो उघडले तर सगळे पक्षी पांढुरके. रोहित म्हणजे गुलाबी, हे डोक्यात पक्कं होतं. सॅच्युरेशनचा, म्हणजे रंगाच्या भडकपणाचा, स्लायडर पुढे ढकलला, गुलाबी रंगाचा वेगळा वाढवला आणि फोटो आमच्या ग्रुपमधल्या एका जुन्याजाणत्या पक्षीनिरीक्षक काकांना पाठवला. त्यांचा फोन आला, "अरे, हा लहान रोहित तुला भिगवणला कुठे दिसला?" मग स्वतःच म्हणाले, "थांब, चोच बघतो. चोच गुलाबी, फक्त टोक काळं. म्हणजे मोठाच रोहित आहे. रंग तू चढवलास."

लहान रोहिताची चोच गडद लालसर असते आणि अंगावरचा गुलाबी रंगही मोठ्या रोहितापेक्षा गडद. मी रंग चढवला तेव्हा नकळत पक्ष्याची जातच बदलू पाहत होतो. निसर्गाचा फोटो कुणीतरी ओळख पटवायला वापरणार असतो, हे मला त्या फोनमुळे कळलं. नव्याने शिकणाऱ्यांना मी म्हणूनच आधी सांगतो, एडिटिंगची सुरुवात रानात करा. फोटो काढून झाला की मोबाइलमध्ये दोन ओळी लिहून ठेवा: ऊन होतं की ढग, पाकळी नेमकी कशी दिसली, पाण्याचा रंग काय होता. आठवडाभराने लॅपटॉपसमोर बसाल तेव्हा आठवणीतला रंग खऱ्यापेक्षा भडक झालेला असतो.

फोटो रॉमध्येच काढा, म्हणजे सेन्सरने टिपलेली माहिती कॅमेऱ्याने न छाटता ठेवलेल्या फाइलमध्ये. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये 16,384. त्यातल्या निम्म्या पायऱ्या सर्वांत उजळ एका स्टॉपमध्येच (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) खर्च होतात, सावल्यांच्या वाट्याला थोड्याच उरतात. शिवाय सावल्यांना उजेडही कमी मिळालेला असतो, म्हणून अंधारा राहिलेला फोटो नंतर उजळवला की सावल्यांमध्ये रवाळ नॉइज वर येतो. हायलाइट, म्हणजे सर्वांत उजळ भाग, जळू न देता जमेल तेवढा उजळ फोटो घ्यायचा, हे मी बगळ्यांचे फोटो काढताना शिकलो. बगळ्याच्या पाठीवरची पिसं एकदा कोरी पांढरी झाली की कुठलाही स्लायडर ती परत आणत नाही. सॉफ्टवेअरसाठी पैसे नसतील तर अडून राहू नका. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही फुकट मिळतात आणि कामाला पुरून उरतात.

हिस्टोग्राम (फोटोत किती अंधारं आणि किती उजळ आहे ते दाखवणारा आलेख, उजवी कड सर्वांत उजळ) बघताना लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे बघा. पळसाच्या फुलांनी मला हे शिकवलं. मार्चमधलं ऊन, निष्पर्ण झाड आणि फांद्यांवर केशरी ज्वाळा. कॅमेऱ्यातला एकत्रित आलेख व्यवस्थित मध्यावर होता, तरी घरी पाहिलं तर पाकळीवर मखमल नाही, शिरा नाहीत, नुसता केशरी डाग. लाल चॅनल एकटाच उजव्या भिंतीला जाऊन आदळला होता. आता पळस, पांगारा, सोनकी अशा भडक फुलांना मी पाऊण-एक स्टॉप कमीच एक्स्पोजर देतो. एडिट करताना सॅच्युरेशनला हात न लावता त्या एका रंगाचा उजळपणा थोडा उतरवतो. पाकळीचा पोत तिथूनच परत येतो.

कारवीची अडचण वेगळी. सात-आठ वर्षांनी डोंगर फुलतो, आपण धापा टाकत वर पोचतो आणि फोटोत फुलं निळी येतात! यात तुमची चूक नसते. जांभळा रंग सेन्सर आपल्या डोळ्यासारखा वाचत नाही, तो बहुतेक वेळा निळ्याकडे झुकवतो. कासच्या पठारावरच्या सीतेच्या आसवांचंही तेच. यासाठी सगळ्या फोटोचा व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून करायची रंगांची जुळवणी) हलवला तर गवत किरमिजी दिसायला लागतं. आधी गवत आणि खडक बरोबर दिसतील असा व्हाइट बॅलन्स ठरवा (ढगाळ दिवशी मी साडेसहा हजार केल्विनच्या आसपास सुरुवात करतो), मग फक्त निळ्या-जांभळ्या रंगाची छटा किंचित किरमिजीकडे सरकवा. किती सरकवायची ते तुमचं टिपण सांगेल. माझ्या एका टिपणात लिहिलंय, 'पिकल्या जांभळाच्या सालीहून पुष्कळ फिकट, कडेला गुलाबी झाक'. फूल तोडून घरी आणायचं नाही, म्हणून शब्दच आणायचे.

पावसाळ्यातल्या हिरव्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. सह्याद्रीत हिरवा एक नसतो. भाताच्या रोपांचा पोपटी, शेवाळाचा काळपट, ऐनाच्या पानांचा राखट. सॅच्युरेशन वाढवलं की हे तिन्ही एकाच रंगात बुडतात. मी उलट पिवळ्या-हिरव्याचं सॅच्युरेशन थोडं कमी करतो, मग छटा सुट्या होतात. तसंच धुक्याचं. धुकं काढणारा डीहेझ स्लायडर आंबोलीच्या फोटोवर पूर्ण ओढला की मागचे डोंगर कडक होतात, दरी उथळ वाटते. ज्या धुक्यासाठी पहाटे चारला उठून गेलो, ते पुसायचं कशाला?

क्रॉप करताना गणित करून बघा. 24 मेगापिक्सेलचा फोटो, म्हणजे 6000 बाय 4000. लांबी-रुंदी दोन्ही निम्मी केली तर 6 मेगापिक्सेल उरतात आणि चांगली प्रिंट साधारण 10 इंच रुंदीपर्यंतच मिळते. शार्पनिंग, म्हणजे कडा धारदार करणं, सगळ्यात शेवटी करा, तेही मास्क लावून (बाकीचा भाग झाकून) पक्ष्याच्या डोळ्यावर आणि पिसांवरच. मागच्या आकाशावर केलं तर नॉइजच धारदार होतो. प्रिंट काळपट येत असेल तर लॅबला बोल लावण्याआधी स्क्रीनचा उजेड कमी करून बघा. लॅपटॉप पूर्ण उजेडावर ठेवून रात्री एडिट केलेले माझे पहिले बारा प्रिंट असेच वाया गेले.

काय पुसावं आणि काय नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं असं मी म्हणणार नाही. सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका पुसा. चोचीसमोर आलेली काडी पुसू नका, दुसऱ्या फोटोतला पक्षी आणून बसवू नका. गंभीर स्पर्धांमध्ये मूळ रॉ फाइल मागतात. पण ती मागणी नसती तरी माझं मत हेच राहिलं असतं. त्या काडीवरूनच पक्षी कुठल्या झाडावर बसला होता ते कळतं.

भिगवणच्या त्या पहिल्या फाइल्स मी जपून ठेवल्यात. मागच्या हिवाळ्यात त्यातली एक नव्याने एडिट केली. व्हाइट बॅलन्स किंचित उबदार, हायलाइट खाली, सॅच्युरेशन आहे तसंच. पांढुरक्या अंगावरची फिकट गुलाबी झाक आपोआप दिसायला लागली. आणि थव्याच्या डाव्या कडेला, दोन मोठ्या पक्ष्यांच्या मधोमध, एक राखाडी-तपकिरी पिल्लू उभं होतं. पूर्वीच्या फोटोत मी त्यालाही गुलाबी करून टाकलं होतं.