शिसं तपासायला माती कुठली घ्यावी?

शिसं वितळवणाऱ्या, आता बंद पडलेल्या भट्टीजवळची माती तपासायला देताना बरेचजण हातभर खड्डा खणतात. धुरातून आलेलं शिसं वरच्या थरातच बसतं. खालची माती मिसळली की आकडा उगाच कमी दिसतो.

१. मुलं खेळतात तिथली फक्त वरची २-३ सेंमी माती खरवडा. भाजीच्या वाफ्यात मात्र माती खणून खालवर झालेली असते, तिथे १५ सेंमीपर्यंत जा.
२. पाच-सहा जागची मूठ-मूठ माती एकत्र कालवा. भिंतीलगतची वेगळ्या पिशवीत, तिथे जुन्या रंगाचंही शिसं असू शकतं.
३. प्रयोगशाळेत ‘एकूण शिसं’ असं स्पष्ट सांगा. खतासाठी करतात त्या नेहमीच्या माती-तपासणीत ते येतच नाही.

कोरड्या मातीवर आधी किंचित पाणी शिंपडा. नंतर हात साबणानेच धुवा. सॅनिटायझरने शिसं निघत नाही.